कातडी, उशी आणि कवाड

हिवाळा लागला की ताई रोज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि हात कोपरापर्यंत बाहेर काढायची. तळवा वर, मग तळवा खाली, मग बोटं पसरून. हवामानाच्या बातम्यांवर तिचा भरवसा नव्हता. बातम्या देणारे सायकल चालवत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. हात आत घेऊन ती कपाटाकडे जायची आणि धाकट्या भावाच्या खुर्चीवर त्या दिवसाचे पायांतले कपडे मांडायची. खुर्चीवर जे असेल ते तो मुकाट्याने चढवायचा, वरून कंपनीची निळी पँट घालायचा आणि सायकल खांद्यावर टाकून जिना उतरायचा.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. पन्नाशीला टेकलाय. खिशात कायम पाना असतो म्हणून बरोबरीचे त्याला पान्या म्हणतात. कंपनीची गाडी मोटारी आणि तारदोर वाहायला. रोजच्या फेऱ्या सायकलवर, मागे हत्यारांची पिशवी. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढायचं, नाहीतर लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यात उतरून थंडगार सिमेंटवर गुडघे टेकायचे. या कामाला डोकं लागतं, हात लागतात, पण आधी गुडघे लागतात. गुडघे धरलेले तीन-चार जण त्याच्या डोळ्यांदेखत टेबलावर बसून फोन घ्यायला लागले होते. त्याला फोनवर बोलता येत नाही. समोरचा माणूस दिसला नाही की त्याचे शब्द गोठतात.

ताई मोज्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. तिच्या टेबलावर काचेचा पाय आहे, आत दिवा लावलेला. मोजा किंवा लेगिंग त्याच्यावर चढवायचं, फिरवायचं, उजेडात सुटलेला टाका शोधायचा. कारखान्यात तिला भिंग म्हणतात. तिने पुढे सोडलेला माल आजवर परत आलेला नाही. आई-वडील गेले तेव्हा ती नुकतीच कामाला लागली होती आणि हा शाळेत होता. तेव्हापासून दोघं त्याच दोन खोल्यांत राहतात. लग्नाचा विषय त्या घरात आला नाही असं नाही. दोघांच्याही बाबतीत तो आला, बसला, चहा पिऊन गेला.

तपासणीत नापास झालेला माल कारखाना कामगारांनाच वाटून टाकतो. ताईच्या वाट्याला यायचे ते बहुतेक लहान मुलींसाठी काढलेले, पण मापात चुकून भलतेच लांब झालेले नग. त्यातून ती भावाचे हिवाळी कपडे उभे करायची. तीन थर, आणि तिन्हींना घरातली नावं. अंगाला लागून ती कातडी: पातळ, गुळगुळीत, घट्ट पण आवळणारी नव्हे. सुती कधीच नाही. "सुती घाम पितं आणि पायावरच झोपतं," ती म्हणायची. त्यावर उशी: मांडीपासून पोटरीपर्यंत लोकरीची नळी, पुढून जाड आणि गुडघ्याच्या मागे पातळ, म्हणजे पाय वाकला की चुणी गोळा होत नाही. पुढची बाजू पिवळी, मागची हिरवी, कारण लोकर तशीच मिळाली होती. पण त्यामुळे पुढचं-मागचं अंधारातही चुकत नसे. आणि सगळ्यात वर कवाड: जुन्या छत्रीचं कापड, फक्त पुढच्या बाजूला. मागून उघडं.

"वारा पुढून येतो. मागून कवाड लावलंस तर घाम जाणार कुठून?"

कडाक्याच्या सकाळी तिन्ही. नुसता गारवा असेल तर कातडी आणि कवाड. कोरडी, वारा पडलेली थंडी असेल तर कातडी आणि उशी, कवाड पिशवीत. उजव्या घोट्याशी कवाड अरुंद आणि पट्टीने पँटसकट बांधलेलं, कारण त्या बाजूला साखळी. हे सगळं तिने आयुष्यात एकदाही सायकल न चालवता ठरवलं होतं.

दर हिवाळ्याच्या सुरुवातीला जोडणी व्हायची. बोळकांडीत सायकल भिंतीला टेकवून भाऊ बसायचा, एक हात भिंतीवर, आणि पायडल उलटं फिरवायचा. ताई खाली बसून त्याच्या गुडघ्यामागे दोन बोटं घालायची. "वाक. सरळ हो. पुन्हा वाक." कुठे गोळा झालं तर तिथेच उसवायची. "ऊब कापडात नसते रे. दोन कापडांच्या मधल्या हवेत असते. ती दाबून मारलीस की संपलं."

"तू कारखान्यात शिकवायला जा," तो म्हणायचा.

"तू आधी नीट बस. पोतं टेकवल्यासारखा बसतोस."

त्या वर्षीची कातडी गुलाबी होती आणि तिच्यावर पांढरे ससे होते. घोट्यापासून कमरेपर्यंत ससेच ससे, कान उभे केलेले. ताईला त्यात वावगं काही दिसलं नाही. तिला वीण दिसली, आणि वीण उत्तम होती. भावाला ससे दिसले. पण वरून उशी, कवाड आणि पँट, तेव्हा बघणार कोण? त्याने ती चढवली.

हिवाळा मुरला तेव्हा एका दवाखान्याच्या तळघरात पाण्याचा नळ फुटला आणि लिफ्टचा खड्डा भरला. पान्या आणि त्याचा जोडीदार पंप घेऊन गेले. जोडीदाराला टोप्या म्हणतात. तो छपराखालीही टोपी काढत नाही. खड्ड्यात पंपाचा पाइप बसवायला कुणीतरी उतरणं भाग होतं. पान्या उतरला आणि कमरेपर्यंत भिजला. फोरमनही आला होता. त्याने पान्याच्या ओठांचा रंग बघितला आणि घरी फोन लावला, कोरडे कपडे घेऊन या म्हणून. ताईची त्या दिवशी सुट्टी होती. पान्याला या फोनचा पत्ता नव्हता; तो आणखी अर्धा तास खड्ड्यातच होता.

पंपाच्या खोलीत हीटर होता. तिथे उभं राहून त्याने पँट काढली, कवाड काढलं, पाणी पिऊन जड झालेली उशी काढली. मग थांबला.

"काढ की. न्युमोनिया घेतोस का?" फोरमन म्हणाला.

टोप्याला आधी दिसलं. "अरे! हे काय? ससे!"

दवाखान्याचा रखवालदार दारातून डोकावला. फोरमनला हसू आवरेना. टोप्याने टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून कान केले. "पान्या, गाजर आणू का रे?"

पान्या तिथे गप्प राहिला असता तर ती गंमत संध्याकाळपर्यंत विरून गेली असती. पण त्याचे कान तापले होते, आणि तापलेला माणूस जे पहिलं हाताला लागेल ते पुढे धरतो.

"माझे नाहीत रे," तो म्हणाला. "बहिणीचं खूळ. कारखान्यातला फेकायचा माल आणते आणि माझ्या गळ्यात मारते. डोकं फिरलंय तिचं, वय झालं. नाही घातलं तर घर डोक्यावर घेते."

हसणं त्याच्याकडून सरकलं. त्याला बरं वाटलं. म्हणून तो थांबला नाही. त्याने कंबर वाकवली, ताईसारखी मान एका खांद्यावर टाकली, हवेत दोन बोटं फिरवली आणि तिच्याच किंचित किनऱ्या आवाजात म्हणाला, "वाक. सरळ हो. पुन्हा वाक." नक्कल उत्तम वठली. इतकी वर्षं रोज ऐकलेला आवाज तो. हसता हसता फोरमनने भिंतीला हात टेकला. मग पान्याने खिडकीतून हात बाहेर काढून हवा चाखायचीही नक्कल केली, जीभ बाहेर काढून. ताई जीभ काढत नसे. ते त्याने पदरचं घातलं.

रखवालदार मध्येच निघून गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी होती, कारखान्यातल्या लोकरीच्या पट्टीने गाठ मारलेली. तशी गाठ फक्त एक माणूस मारतं.

"एक बाई जिन्यात उभ्या होत्या. बराच वेळ. हे द्या म्हणाल्या, आणि सांगा म्हणाल्या, आधी पाय कोरडे कर, मग आतला थर घाल."

पिशवीत तिन्ही थर होते, कोरडे, हीटरजवळ धरून आणल्यासारखे गरम. ही दुसरी कातडी करडी होती, बिनसशाची.

टोप्याने टोपीवरची बोटं खाली घेतली. पंपाचा आवाज तेवढा चालू राहिला.

पान्या घरी गेला तो शिव्या खायच्या तयारीने. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याचं निभावलं असतं. ताईने वाढलं. "पाणी निघालं का सगळं?" तिने विचारलं.

"निघालं."

"बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली नाही. खुर्ची रिकामी होती. त्याने खुर्चीखाली बघितलं, कपाटाच्या बाजूला बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, आज काय घालू?"

"तुला काय बरं दिसतं ते घाल," ती म्हणाली. टोमणा नव्हता. आवाज साधा होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसा. "बाजारात चांगले मिळतात. काळे, पुरुषांचे. घे जाऊन."

त्याला तिची माफी मागायची होती. सायकलवर बसलं की वाक्य तयार व्हायचं: ताई, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. चौकाचौकांत ते घासून गुळगुळीत व्हायचं. घराचा जिना चढेपर्यंत त्याचा भुगा व्हायचा. समोर ती बसलेली असे, चष्म्याच्या वरून बघत, आणि त्याला वाटे, आता आपण तोंड उघडलं तर तिला आपल्या तोंडातून तिचाच आवाज ऐकू येईल. मग तो विचारायचा, "चहा आहे का?" चहा असे.

करडी जोडी मागायचा त्याला धीर झाला नाही. त्याने खेळाच्या सामानाच्या दुकानातून काळे, घट्ट पायजमे आणले. एक पुरेना म्हणून त्यावर दुसरा चढवला, आणि सगळ्यांत आत जुना सुती, कारण त्याला ते नवीन कापड टोचत होतं. म्हणजे जे जे करू नकोस म्हणून तिने आयुष्यभर सांगितलं, ते एकाच वेळी. पहिल्या चढावर घाम आला, उतारावर तो गोठला. तिन्ही कापडं एकमेकांना चिकटून पायावर साल बसल्यासारखी बसली, मध्ये हवेला जागाच नाही. दुपारी एका इमारतीच्या खड्ड्यात त्याने गुडघे टेकले आणि ते सरळ होईनात. टोप्याने काखेत हात घालून त्याला वर ओढलं.

"फोनवर बसायचंय का तुला?" टोप्या म्हणाला. मग जरा थांबून, "ताईंना सांगितलंस का?"

"काय?"

"मला काय विचारतोस? मी कान केले, पण बहीण तुझी होती."

त्या रविवारी पान्याला तातडीच्या कामावर जावं लागलं. संध्याकाळी आला तर घरात उग्र वास होता आणि मोरीतल्या दोरीवर काळं काहीतरी निथळत होतं. ताई खोलीत पडली होती, भिंतीकडे तोंड करून. सकाळी खुर्चीवर तिन्ही थर होते. काळे. कातडीही काळी, उशीही काळी.

त्याने कातडी उजेडात धरली. रंग सारखा बसला नव्हता. कुठे निळसर, कुठे करपल्यासारखा, आणि सशांच्या छापाने रंग घेतलाच नव्हता नीट; ते राखाडी होऊन आत उभे होते, कान वर करून. त्याला कळलं की त्याच्या त्या शब्दांतून तिने एकच गोष्ट उचलली होती: कपड्यात खोट आहे. खोट दिसली की ती काढायची, एवढंच तिला माहीत. तिने त्याला क्षमा केली नव्हती आणि दोषही दिला नव्हता. तिने तक्रार निवारली होती.

हे त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं. त्याने कपडे घातले. उशीची पुढची बाजू कुठली ते आता रंगावरून कळत नव्हतं. घाईत त्याने अंदाजाने चढवली. ताई केव्हाच कामावर निघून गेली होती; त्या आठवड्यात ती रोज त्याच्या आधी निघायची आणि तो परतेपर्यंत झोपलेली असायची.

त्याच आठवड्यात मोज्यांच्या कारखान्याची मालवाहू लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. ते काम पान्या आणि टोप्याकडेच होतं. एरवी पान्या तिथे ऐटीत जायचा. तपासणीच्या दालनातून जाताना भिंगचा भाऊ म्हणून बायका त्याची थट्टा करायच्या. त्या दिवशी दालनात शिरल्यावर त्याने ताईच्या जागेकडे बघितलं. काचेच्या पायामागे दुसरीच मुलगी होती.

"ताई कुठाय?" त्याने सुपरवायझरबाईंना विचारलं.

"खाली पॅकिंगला बसवलीये. हात बघा जाऊन तिचे, कोळसा वाहून आल्यासारखे. सध्या पांढऱ्या मालाचा हंगाम. एक बोट लागलं तर अख्खा गठ्ठा बाद. इतक्या वर्षांत तिला टेबलावरून उठवायची पाळी आली नव्हती हो. विचारलं तर म्हणते, घरात रंगकाम निघालं होतं." बाई हसल्या. "तुम्ही एकाच घरात राहता ना? काय रंगवलंत एवढं?"

पान्या खाली गेला. टोप्या मागोमाग. पॅकिंगच्या लांब टेबलाशी ताई शेवटच्या जागेवर होती, हातांत रबरी मोजे, खोक्यांना चिकटपट्टी लावत. काम पोराटोरांचं होतं. ती ते तपासणीइतक्याच सावकाश करत होती आणि शेजारणी तिच्यासाठी खोळंबल्या होत्या. लिफ्ट सोडून हे दोघं खाली का चाललेत ते बघायला सुपरवायझरबाईही मागून उतरल्या होत्या.

"लिफ्ट वर अडकलीये," ताई त्याला म्हणाली. "इथे काय?"

त्याला सायकलवर तयार केलेलं वाक्य आठवलं नाही. तो सुपरवायझरबाईंकडे वळला, कारण ताईकडे बघून बोलणं त्याला जमलं नसतं.

"तुम्ही विचारलंत ना काय रंगवलं? हे रंगवलं. माझ्यासाठी." त्याने उजव्या पायाची पट्टी सोडली, पँट गुडघ्याच्या वर ओढली, कवाड बाजूला सारलं आणि उशी वर सरकवली. "ससे होते याच्यावर. लोक हसले म्हणून मी हिला वेडी म्हणालो. हिची नक्कल केली सगळ्यांसमोर. ही जिन्यात उभी होती, माझे कोरडे कपडे घेऊन."

चिकटपट्ट्यांचा आवाज थांबला.

"हसणाऱ्यांत मी पहिला होतो," टोप्या म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

ताईने भावाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती त्याच्या पायाकडे बघत होती, आणि तिची मान खालून वर लाल होत गेली.

"ते इथे कशाला दाखवलंस?" ती हलक्या आवाजात म्हणाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्या बायकांनी आयुष्य धागे-रंग बघण्यात काढलं होतं. त्या ससे बघत नव्हत्या. रंग बघत होत्या. एकीने पुढे वाकून चष्मा सारखा केला.

"भिंग, हे तू केलंस? चट्टे पडलेत गं."

"भांडं लहान होतं," ताई म्हणाली. "पूर्ण बुडत नव्हतं." ज्या बाईने दुसऱ्याच्या कामातला एक सुटलेला टाका कधी पुढे जाऊ दिला नाही, ती आपल्या कामाची सबब सांगत होती, पॅकिंगच्या टेबलावर, भरल्या दालनात. आणि तिला तिथे आणून उभं केलं होतं त्यानेच, दुसऱ्यांदा. या वेळी माफी मागायच्या नावाखाली. छाती त्याची हलकी झाली होती. वजन तिच्याकडे गेलं होतं.

"पँट खाली करतो," तो पुटपुटला.

"थांब." ताई उठली. ती टेबलाला वळसा घालून आली, जमिनीवर एक गुडघा टेकला आणि त्याच्या पायाकडे डोळे बारीक करून बघितलं. "ही उशी उलटी घातलीस. जाड बाजू मागे आलीये. किती दिवस अशी चालवतोयस?"

"कळलं नाही. दोन्हीकडून काळी आहे."

ही चूक कुणाची, हे दोघांनाही कळत होतं. तिने रबरी मोजा ओढून काढला. बोटं खरोखरच काळी होती, नखांच्या मुळांपर्यंत. त्यातली दोन तिने त्याच्या गुडघ्यामागे सरकवली.

"वाक," ती म्हणाली.

टोप्याने टोपी काढून हातात धरली होती. पान्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं. हा शब्द त्याने त्या पंपाच्या खोलीत, तिच्याच आवाजात, जसाच्या तसा म्हटला होता. तो भिंतीला हात टेकून वाकला.

"सरळ हो."

तो झाला.

"इथे गोळा होतंय. पुन्हा वाक."